चढावर दुसऱ्या गिअरला अडकणारी ई-क्लास

मार्दोळ सोडून फर्मागुढीचा चढ लागला की गाडी एक झटका देते आणि मग गिअरच बदलत नाही, ही तक्रार घेऊन मर्सिडीजची ई-क्लास गोव्यात फोंड्याच्या आमच्या गॅरेजात आली. २००५ चं मॉडेल, डब्ल्यू-२११, २.२ लिटर डिझेल, त्यात ७२२.६ हा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मालक मांडवीतल्या चोडण बेटावरचे. आधीच्या गॅरेजने एका वाक्यात निकाल दिला होता: गिअरबॉक्स गेला, उतरवून ओव्हरहॉल करा, नाहीतर कुर्ल्याहून जुना मागवा. गाडीखाली मात्र कोणी गेलेलं नव्हतं, आणि लावलेला स्कॅनर इंजिनपुरतेच कोड वाचणारा होता.

हा गिअरबॉक्स मुळात दणकट आहे. त्यातलं लोखंड सहसा शेवटी जातं, त्याआधी प्लास्टिक, रबर आणि ऑईल जातं. म्हणून आमचा क्रम बाहेरून आत जाणारा असतो: बॅटरी, कोड, चाकांचे सेन्सर, वायरिंगचं सॉकेट, ऑईल, चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑईलचं पात्र), वॉल्व्ह बॉडी (ऑईलचा दाब हव्या त्या गिअरकडे वळवणारा भाग). इथवर काहीच सापडलं नाही तरच गिअरबॉक्स खाली उतरवायची भाषा.

गाडीला हात लावण्याआधी मालकाला चार प्रश्न विचारायचे. थंड असताना होतं की तापल्यावर? गिअर बदलताना झटका बसतो, की इंजिन मोकळं रेस घेतं आणि गाडी ओढत नाही? बंद करून चालू केल्यावर सुधारते का? रिव्हर्स नीट पडतो का? उत्तरं अशी आली: "सकाळी फेरीतून रायबंदरला उतरलो की जुन्या गोव्यापर्यंत लोण्यासारखी चालते. बाणस्तारीपर्यंतही काही नाही. चढाला एक दणका, आणि मग थांबून, लगेच बंद-चालू करून निघालो की साठलाच इंजिन ओरडायला लागतं. बाजूला घेऊन बंद केली, पाचदहा मिनिटांनी चालू केली, की परत नवीकोरी. रिव्हर्स एकदम ठीक."

या उत्तरात अर्धं निदान आहे. क्लच पॅक (गिअर धरणाऱ्या प्लेटांचा गठ्ठा) जळलेला असता तर किल्ली फिरवून तो जुळला नसता. तापल्यावर बिघडणं आणि बंद-चालू केल्यावर बरं होणं ही इलेक्ट्रिकची खूण. गिअरबॉक्सच्या मॉड्यूलला, म्हणजे तो चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, एखादा सिग्नल पटला नाही की तो वॉल्व्ह बॉडीवरच्या सोलेनॉइडचा (विजेवर उघडझाप करणाऱ्या वॉल्व्हचा) करंट तोडतो. त्या क्षणी असलेला गिअर तसाच धरला जातो. गाडी थांबवून, पी (पार्क) मध्ये टाकून, इंजिन बंद करून दहा सेकंदांनी चालू केली आणि दोष अजून तिथेच असला, तर नुसत्या ऑईलच्या दाबावर दोनच गिअर मिळतात, दुसरा आणि रिव्हर्स. घरी पोचता यावं म्हणून केलेली ही सोय आहे. लोक मात्र तिलाच बिघाड समजतात. मधल्या वेळात सेन्सर थंड होऊन सिग्नल परत आला असेल, तर पाचही गिअर मिळतात आणि मालकाला वाटतं गाडीला भूत लागलंय. साठच्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये हे इंजिन तीन हजारांच्या वर फिरतं, म्हणून ते ओरडणं.

डब्ल्यू-२११ ची मुख्य बॅटरी डिकीत, उजव्या बाजूला असते. पावसाळ्यात गाडी आठवडाआठवडा उभी राहिली की ती बसते, आणि व्होल्टेज पडलं की या पिढीतले मॉड्यूल एकमेकांवर खोटे आरोप करायला लागतात. म्हणून मीटर आधी तिथे. रात्रभर उभ्या गाडीवर १२.५, इंजिन चालू असताना १४.१. ठीक.

मग सगळे मॉड्यूल वाचणारा स्कॅनर. पहिला नियम, कोड पुसायचे नाहीत, आधी फोटो काढायचा. कोडसोबत साठवलेलं तापमान आणि वेग पुसले की तपास परत शून्यावर येतो. गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये एन-२ या आतल्या स्पीड सेन्सरचा सिग्नल न पटल्याचा कोड होता. ईएसपीच्या (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्यूलमध्ये दुसराच, मागच्या डाव्या चाकाच्या वेगाचा, अधूनमधून येणारा.

बरेच जण हा दुसरा कोड ब्रेकचा म्हणून सोडून देतात. ७२२.६ मध्ये बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजायला वेगळा सेन्सर नाहीच. गाडी किती वेगाने चाललीय हे गिअरबॉक्सचा मॉड्यूल मागच्या चाकांकडून, ईएसपीमार्फत, कॅन लाइनवरून (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या तारांवरून) ऐकतो. चाकाचा सेन्सर खोटं बोलला की गिअर चुकीच्या वेळी पडतात. आणि गाडी कुठली, तर चोडणची. रोज फेरीबोटीच्या रॅम्पवर चढउतार, भरतीच्या वेळी रॅम्पवर मांडवीचं खारट पाणी, वर चिऱ्याची लाल धूळ. चाक काढल्यावर सेन्सरच्या तोंडाशी गंज आणि मातीचा पापुद्रा बसलेला दिसला. असा सेन्सर पक्कडने ओढला तर मोडतो आणि अर्धा आतच राहतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर सोडला, सकाळी हलक्या हाताने फिरवत काढला, बसायची जागा घासून साफ केली. मग लिफ्टवर चाकं फिरवून बघितलं, तर डाव्याचा आकडा अजून अधूनमधून शून्यावर पडत होता. सेन्सर बदलला. त्यानंतर वीसच्या वेगाने सरळ रस्त्यावर चारही चाकांचे आकडे जुळले.

बाणस्तारीपर्यंत जाऊन आल्यावर, थांबताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येतानाचा झटका गेलेला होता. चढावरचा दोष मात्र तसाच. एका गाडीत दोन रोग असू शकतात, आणि पहिला सापडला की हात झटकणाऱ्यांची गाडी आठवड्यात परत येते.

आता एन-२. वॉल्व्ह बॉडीवर एक प्लास्टिकची पट्टी बसते, तिला कंडक्टर प्लेट म्हणतात. तिच्यावर एन-२ आणि एन-३ हे दोन हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रावरून वेग मोजणारे), ऑईलच्या तापमानाचा सेन्सर आणि पी-एन (पार्क-न्यूट्रल) मध्येच स्टार्टर फिरू देणारा संपर्क, असं सगळं एकत्र. ही प्लेट आयुष्यभर गरम ऑईलमध्ये बुडालेली असते. एन-२ पुढच्या सन गिअरचा (मधल्या चाकाचा) वेग सांगतो, एन-३ पुढच्या प्लॅनेट कॅरिअरचा (त्याभोवती फिरणारी छोटी चाकं धरणाऱ्या चौकटीचा). दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये दोन्हीचा आकडा एकच यायला हवा. पहिल्या आणि पाचव्यात सन गिअर धरून ठेवलेला असतो, त्यामुळे एन-२ शून्य दाखवतो आणि तेच बरोबर आहे. हा फरक माहीत नसला की माणूस पाचव्यात शून्य बघून "सेन्सर गेला" म्हणतो आणि चांगली प्लेट बदलतो. हे होताना पाहिलंय.

लाइव्ह डेटा लावून एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने आलेख रेकॉर्ड करायचा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. थंड गाडीत, ऑईल ४० अंशांवर असताना, दोन्ही रेषा एकीवर एक. ऑईलचं तापमान वाचायचं तर गाडी डी (ड्राइव्ह) किंवा आर (रिव्हर्स) मध्ये हवी. पी आणि एन मध्ये स्टार्टरच्या संपर्कामुळे हा आकडा मिळत नाही. ओल्ड गोवा, बाणस्तारी, मंगेशी. मार्दोळच्या पुढे ऑईल ८८ अंशांवर, गाडी तिसऱ्यात, आणि एन-३ ची रेषा सपाट असताना एन-२ ची रेषा एकदम तळाला. क्षणभरच. पण मॉड्यूलला तेवढं पुरतं. दणका, आणि गिअर तिथेच.

तरी थेट प्लेटवर उडी मारायची नाही. सेन्सर आणि मॉड्यूल यांच्या मध्ये एक १३ पिनांचं सॉकेट आहे. गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला पुढच्या अंगाला, उष्णतेच्या पत्र्यामागे लपलेलं. गिअरबॉक्सच्या भिंतीत प्लास्टिकचा एक अडॅप्टर बसतो, त्यावर दोन ओ-रिंग. वर्षं गेली की ओ-रिंग कडक होतात, ऑईल सॉकेटमध्ये झिरपतं. तिथून ते दिव्याच्या वातीसारखं तांब्याच्या तारांमधून, इन्सुलेशनच्या आतून, वर थेट मॉड्यूलपर्यंत चढतं. मॉड्यूलचं सॉकेट काढून लाल तेलाचा ओलावा दिसला तर ओ-रिंग फुटल्याचा तो पुरावा. मॉड्यूलची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, ती आधी शोधून ठेवावी.

या गाडीत १३ पिनांचं सॉकेट ओलं होतं, मॉड्यूलपर्यंत मात्र ऑईल पोचलं नव्हतं. सॉकेटची कडी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की ते ओढून निघतं. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या, मॉड्यूलपासून सॉकेटपर्यंत प्रत्येक तार मीटरने तपासली, मीटर लावलेला असतानाच वायरिंग हलवून, ओढून बघितलं. तुटकं काही नाही. अडॅप्टर ७ मिमीच्या एका बोल्टवर धरलेला असतो. नवा अडॅप्टर ओ-रिंगसकट येतो, गिअरबॉक्सच्या मानाने किरकोळ पैशात. दोष इथेच असता तर काम दुपारपर्यंत संपलं असतं. नवा घालून परत फर्मागुढी केली. ऑईल ९० ला आलं आणि एन-२ परत पडला. आता दोष प्लेटमध्येच, यात शंका उरली नाही.

चेंबर उघडायच्या आधी ऑईलची पातळी. या गिअरबॉक्सला मालकासाठी डिपस्टिक नाही. नळीवर लाल टोपी असते, पिन तोडल्याशिवाय ती निघत नाही, आणि मोजायची काठी वर्कशॉपची वेगळी. पातळी बघायची ती ऑईल ८० अंशांवर, गाडी सपाट जागी, इंजिन चालू, पी मध्ये. काठीवर २५ अंशांच्याही खुणा आहेत, पण त्या भरतानाच्या अंदाजासाठी. इथे पातळी वरच्या खुणेच्याही वर निघाली, कोणीतरी थंड गिअरबॉक्सवर अंदाजाने टॉपअप केलं होतं. ऑईल जास्त असलं की फिरणारे भाग त्याचा फेस करतात, फेसाला दाब धरता येत नाही आणि गिअर घसरतात. कमी असलं तर पंप वळणावर हवा ओढतो. दोन्हींची लक्षणं वरून सारखीच दिसतात.

रंग गडद तपकिरी, जळका वास नाही, दुधाळपणा नाही. दुधाळ गुलाबी असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. या पिढीत गिअरबॉक्सच्या ऑईलचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो, आणि तो फुटला की कूलंट ऑईलमध्ये शिरतं. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लच प्लेटवरच्या कागदी अस्तराचा गोंद सोडवतं. त्याची पहिली तक्रार म्हणजे साठ ते ऐंशीच्या वेगात, हलक्या पायावर, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होताना गाडी रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरते. अशा गाडीत आधी ग्लायकॉलची चाचणी, कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का ते बघणं, आणि रेडिएटर बदलल्याशिवाय नवं ऑईल न घालणं. वेर्णाच्या पठारावरचा सरळ रस्ता ही थरथर पकडायला उत्तम. ई-क्लास तिथे सत्तरला धरून चालवली, काही थरथरलं नाही.

ऑईल काढताना ते कोमट हवं, उकळतं नको. चेंबरचा नट ५ मिमी एलन कीचा. चेंबरमधून साधारण चार लिटर निघतं. कन्व्हर्टरला ड्रेन नट असेल तर आणखी तीनेक लिटर. नंतरच्या वर्षांतल्या गाड्यांत हा नट काढूनच टाकला गेला, म्हणून आधी बघावं. या गाडीत तो नव्हता. चेंबर सहा बोल्टवर, टॉर्क्स ३० (चांदणीच्या खाचेचे). आतलं चुंबक हा गिअरबॉक्सचा रक्ततपास. राखाडी, बोटावर मलमासारखा लागणारा लेप ही नेहमीची झीज. चमकणारे कण, टोचणारी किस असती तर बेअरिंग किंवा प्लॅनेट. काळे पापुद्रे असते तर क्लच, आणि मग उतरवण्याची भाषा खरी. इथे फक्त लेप होता, नखभर जाडीचा.

वॉल्व्ह बॉडी दहा बोल्टवर धरलेली असते, तेही टॉर्क्स ३०. पण त्याआधी अडॅप्टर बाहेर ओढलेला हवा. तो विसरून वॉल्व्ह बॉडी खाली ओढली की नवीकोरी प्लेट असली तरी तिची सॉकेटची बाजू तडकते. शेवटचे दोन बोल्ट सोडताना खाली हात धरायचा, कारण आणखी लिटरभर ऑईल अंगावर येतं. बाहेर काढलेली वॉल्व्ह बॉडी स्वच्छ ट्रेमध्ये, ज्यावर धागे सुटतात असं कापड जवळ नको. दोन अर्धे वेगळे करायचे नाहीत. आतले छोटे गोळे जागा सोडतात आणि मग खरोखरच गिअरबॉक्स बिघडतो.

प्लेटवर सहा सोलेनॉइड. काढताना प्रत्येकाची जागा मार्करने लिहायची आणि मीटरने रेझिस्टन्स घ्यायचा. साध्या तापमानाला गिअर बदलणारे तीन ३.८ ओमच्या जवळ, दाब सांभाळणारे दोन ५ ओमच्या जवळ, कन्व्हर्टर लॉकचा एक २.५ च्या जवळ. इथे सहाही आकडे बरोबर आले, म्हणून तेच परत वापरले, फक्त त्यांच्या ओ-रिंग नव्या. सोलेनॉइडच्या तोंडाशी लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला असतो, कारण तेही चुंबकच. तो पुसल्याशिवाय नव्या प्लेटवर बसवू नयेत. जुनी प्लेट उजेडात धरली तर एन-२ च्या डोक्याजवळ प्लास्टिक पिवळट पडलेलं दिसत होतं. बाकी डोळ्यांना काहीच नाही. तापल्यावर मरणारा सेन्सर टेबलावर जिवंतच असतो, म्हणून टेबलावरच्या तपासणीवर विश्वास ठेवून चालत नाही.

परत बसवताना एकच जागा चुकते, पण ती चुकली की सगळं परत उघडावं लागतं. लिव्हरने सरकणारा वॉल्व्ह आणि गिअरबॉक्समधल्या खाचेच्या पट्टीवरची पिन एकमेकांत अडकलेली हवी. नाही अडकली तर बोल्ट आवळले जातात, चेंबर लागतो, ऑईल भरलं जातं, आणि लिव्हर कुठेही टाका, गाडी हलत नाही. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, ८ न्यूटनमीटर. चेंबरचे बोल्टही ८, ड्रेन नट २०. ८ म्हणजे मनगटाचाच जोर. इथे दंड लावला की अॅल्युमिनियमच्या आट्या बाहेर येतात. फिल्टर आणि पॅकिंग नवं.

ऑईल मर्सिडीजच्या एमबी २३६.१४ या मानकाचं. "लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) सगळे सारखेच" असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. निळसर येणारं २३६.१५ नंतरच्या सात गिअरच्या गिअरबॉक्ससाठी आहे, यात ते चालत नाही. पहिले पाच लिटर नळीतून, इंजिन बंद असतानाच, मग इंजिन चालू करून, लिव्हर प्रत्येक जागी दोनतीन सेकंद थांबवत, थोडं थोडं करत थंड खुणेपर्यंत. त्यानंतर गाडी फिरवून ऑईल ८० अंशांवर आणून शेवटचं मोजमाप. वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवलं. टोपीला नवी पिन.

जुन्या आकड्यांवर मॉड्यूलने शिकलेलं सगळं स्कॅनरने पुसलं आणि परत शिकवलं. शिकवायला ऑईल ६० ते १०५ अंशांच्या मध्ये हवं, पाय हलका, घाई नाही. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत हलकेच चढवायचं, मग ब्रेक न मारता गाडी मंदावू द्यायची म्हणजे गिअर एकेक करून उतरतात. असं प्रत्येक गिअरसाठी सातआठ वेळा. पहिल्या दोनतीन फेऱ्यांत दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना थोडी मोकळी रेस येत होती, चौथ्या फेरीला ती गेली. इथे घाबरून गाडी परत लिफ्टवर घेणारे पुष्कळ.

हे सगळं झाल्यावरही पी वरून डी ला टाकताना एक ठक्क आवाज राहिला. तो गिअरबॉक्समधला नव्हताच. गिअरबॉक्सला मागून धरणारा रबरी माउंट बसलेला आणि प्रॉपेलर शाफ्टच्या रबर कपलिंगला भेगा. दोन्ही बदलले, आवाज गेला.

याच गाड्यांत आणखी दोन गोष्टी फसवतात, त्या इथे तपासून बाजूला काढल्या. गिअर उशिरा आणि कडक पडतात पण गिअरबॉक्समध्ये कोड नाही, असं असेल तर इंजिनचा हवा मोजणारा सेन्सर बघावा. मॉड्यूल गिअरचा दाब इंजिनने सांगितलेल्या टॉर्कवरून ठरवतो, आणि हवेचा आकडा चुकला की टॉर्कचा चुकतो. आणि लिव्हर पी मधून निघतच नसेल तर आधी ब्रेक लाइट पेटतात का ते बघायचं. ब्रेकचा स्विच स्वस्त आहे. लिव्हरच्या खाचेत शहाळ्याचं पाणी सांडलेल्या गाड्याही येतात. लिव्हरच्या मुळाशी इलेक्ट्रॉनिक्स आहे, ते चिकटलं की गाडीला आपण कुठल्या गिअरमध्ये आहोत हेच कळत नाही.

फर्मागुढी पाच वेळा केली, शेवटची दोनदा एसी लावून, भर दुपारी. ऑईल ९४ अंशांवर, तिसऱ्या गिअरमध्ये दोन्ही रेषा एकीवर एक. पाचशे किलोमीटरनंतर १३ पिनांचं सॉकेट परत काढून बघितलं. आत कोरडं.